स्थूल कुमारांचे अनावर खाणे : एक विवेचन

अन्नाच्या प्रश्नाचा विचार आपल्या समाजाने आजवर मुख्यतः अन्नाच्या अभावाच्या अंगाने केला, आणि ते स्वाभाविकच होते. ज्यांच्या आजी-आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली, मिलो ज्वारीच्या लाल भाकरीवर आणि सुकडीवर दिवस काढले, त्यांच्या घरातील भरलेले ताट हा काही विलास नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपासमारीनंतर हाती आलेली ती गोष्ट आहे. अशा घरात नातवंड अंगाने भरले की आजीच्या जिवाला समाधान वाटते, आणि त्या समाधानाला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु त्याच घरात, त्याच भरल्या ताटासमोर बसलेले एखादे चौदा वर्षांचे मूल अन्नापायीच मूक यातना भोगत असू शकते, ही गोष्ट अद्याप आपल्या फारशी ध्यानी आलेली नाही. भुकेचे दुःख आपण ओळखतो. पोट भरलेले असूनही हात थांबत नाही, आणि हात थांबत नाही म्हणून स्वतःचीच किळस येते, हे दुःख मात्र आपल्याला अपरिचित आहे. प्रस्तुत लेखात त्याच दुःखाचा विचार आम्ही योजिला आहे.

आरंभी प्रश्नाचा आवाका पाहू. भारत सरकारने २०१६ ते २०१८ या काळात केलेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे २४ टक्के कृश, तर सुमारे ५ टक्के प्रमाणाबाहेर वजनाची आढळली. म्हणजे कुपोषणाचा प्रश्न संपलेला नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. तथापि देशाची लोकसंख्या विचारात घेता दुसरा आकडाही लहान नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील ५ ते १९ वयोगटात सुमारे सव्वा कोटी मुलेमुली स्थूल होती. स्थूल कोणास म्हणावे यासाठी प्रौढांचे माप मुलांना लावता येत नाही. वाढत्या वयात उंची व वजन यांचे प्रमाण सतत बदलत असते, म्हणून वय व लिंग यांनुसार तयार केलेल्या तक्त्यांवरूनच डॉक्टर तो निर्णय करतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेवरून तो करावयाचा नसतो.

व्याधीचे स्वरूप

अधिक खाणे आणि अनावर खाणे या दोन भिन्न गोष्टी होत. लग्नाच्या पंगतीत कोणीही दोन घास जास्त खातो. मैदानावरून आलेला पंधरा वर्षांचा मुलगा चार भाकऱ्या सहज संपवितो, आणि ते त्याच्या वाढीला आवश्यकच असते. यात व्याधी नाही. इंग्रजीत ज्यास बिंज ईटिंग म्हणतात आणि आम्ही येथे ज्यास अनावर खाणे म्हणत आहोत, त्याचे लक्षण निराळे आहे. थोड्या अवधीत, साधारणतः दोन तासांच्या आत, इतर कोणी तेवढ्या वेळात खाणार नाही इतके अन्न खाल्ले जाते, आणि खात असताना आपला स्वतःवरचा ताबा सुटला आहे अशी जाणीव असते. बहुधा हे खाणे घाईघाईने होते. भूक नसताना होते. पोट दुखेपर्यंत चालते. कोणी पाहू नये म्हणून एकट्याने उरकले जाते, आणि नंतर मनात अपराधीपणा, खिन्नता व स्वतःविषयी घृणा दाटून येते. असे प्रकार आठवड्यातून निदान एकदा, याप्रमाणे तीन महिने घडत राहिले, त्यांचा मनाला तीव्र त्रास होत असला, आणि खाल्लेले अन्न ओकून वा रेचके घेऊन बाहेर काढण्याचा नेहमीचा प्रयत्न त्यामागे नसला, तर त्यास अनावर खाण्याचा विकार म्हणतात. ओकण्याचा वा रेचकांचा प्रकार नेहमीचा असेल तर तो बुलिमिया नावाचा वेगळा, आणि शरीराला अधिक धोक्याचा, विकार होय.

स्थूल रुग्णांपैकी काहींमध्ये हा प्रकार आढळतो, असे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ सालीच लिहून ठेवले होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात मात्र त्याला १९९४ साली पुढील अभ्यासासाठी परिशिष्टात जागा मिळाली, आणि स्वतंत्र विकार म्हणून मान्यता मिळण्यास २०१३ साल उजाडावे लागले. चोपन्न वर्षे! या चोपन्न वर्षांत असंख्य रुग्णांना ‘जिभेवर ताबा ठेवा’ एवढाच सल्ला मिळाला असेल, हे सांगण्यास कोणा भविष्यवेत्त्याची आवश्यकता नाही.

मुलांच्या बाबतीत एक अडचण अशी की, वाढीच्या वयात किती खाणे म्हणजे ‘फार’ हे ठरविणे कठीण असते. म्हणून या क्षेत्रातील संशोधक अन्नाच्या राशीपेक्षा ताबा सुटल्याच्या जाणिवेस अधिक महत्त्व देतात. अमेरिकेतील मारियन टानोफ्स्की-क्रॅफ आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले आहे की, ज्या मुलांना खाताना असा ताबा सुटल्याचा अनुभव येतो त्यांचे वजन पुढे इतरांपेक्षा अधिक वाढण्याचा, आणि पुढे पूर्ण स्वरूपातील विकार जडण्याचा धोका जास्त असतो. तेव्हा पालकाने ‘किती खाल्लेस?’ असे विचारण्यात फारसा अर्थ नाही. ‘थांबावेसे वाटत असूनही थांबता येत नाही, असे कधी होते का?’ हा खरा प्रश्न आहे, आणि तो मऊ आवाजात विचारला तरच त्याचे उत्तर मिळते.

प्रत्येक स्थूल मुलाला हा विकार असतो असे मात्र कोणी समजू नये. बहुतेकांना तो नसतो. उलट, अंगाने सडपातळ असलेल्या मुलामुलींमध्येही तो आढळतो. मुलींत त्याचे प्रमाण अधिक असले तरी मुलगे त्यापासून मुक्त नाहीत. मुलाने भरपूर खाल्ले तर ते पुरुषी भुकेचे लक्षण मानले जाते, त्यामुळे त्याचे दुःख अधिकच झाकले जाते.

लोभ नव्हे

‘खादाड’ या एका शब्दात आपण किती गोष्टी कोंबतो! त्या शब्दात असे गृहीत धरलेले असते की मूल लोभी आहे, आळशी आहे, त्याचा मनावर ताबा नाही, आणि म्हणून ते जाड आहे. शास्त्राची साक्ष याविरुद्ध आहे. त्याच स्टंकार्ड यांनी १९८६ साली डेन्मार्कमधील दत्तक गेलेल्या ५४० व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. या व्यक्तींच्या शरीराची ठेवण त्यांना जन्म देणाऱ्या मातापित्यांशी जुळत होती. ज्यांनी त्यांना वाढविले, ज्यांच्या स्वयंपाकघरात ती जेवली, त्यांच्याशी मात्र ती जुळत नव्हती. याचा अर्थ आहाराचा वा व्यायामाचा काहीच परिणाम होत नाही असा नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की, एकाच ताटातले अन्न दोन भावंडांच्या अंगी सारखे लागत नाही, आणि ज्याच्या अंगी अधिक लागते त्याने काही पाप केलेले नसते. थायरॉइडची मंदता, मुलींमधील पीसीओएस, झोपेचा अभाव, काही औषधे यांचाही वजनाशी संबंध असतो.

कुमारवयाची स्वतःची अशी एक अवघड परिस्थिती असते. शरीर झपाट्याने बदलते. भावनांचा वेग वाढतो. त्या वेगाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र पंचविशीच्या आसपास परिपक्व होतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप हवी असते, आणि दहावीच्या वर्षात ती त्याला क्वचितच मिळते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, विशेषतः गोड व तळलेल्या पदार्थांची. अशा वेळी अपमान, एकाकीपणा, परीक्षेची धास्ती, घरातील भांडण यांपैकी काहीही मनात साचले की, ते क्षणभर विसरायला लावणारी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जवळची वस्तू म्हणजे अन्न. पाच-दहा रुपयांचा वेफर्सचा पुडा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. समुपदेशक मिळत नाही. अन्नाने त्या मुलाला खरोखरच थोडा वेळ बरे वाटते, हे आपण नाकारू नये. ते समजून घेतल्याशिवाय ते मूल त्याकडे पुनःपुन्हा का वळते, याचा उलगडा होणार नाही.

उपाशी राहण्याचे फळ

आता आम्ही या विवेचनाच्या मुख्य भागाकडे येतो. मूल स्थूल दिसू लागले की घरात जो पहिला उपाय केला जातो तो म्हणजे त्याचे खाणे कमी करणे. ‘रात्रीचे बंद’, ‘भात बंद’, ‘दोनच पोळ्या’. पुष्कळदा मूल स्वतःच हा उपाय करते. सकाळी न खाताच शाळेत जाते, डबा मैत्रिणीला देऊन टाकते, दुपारी पाण्यावर भागविते. संध्याकाळी चार-पाच वाजता घरी येते तेव्हा आईवडील कामावर असतात. सकाळपासूनची भूक, शाळेत ऐकलेला एखादा शब्द आणि रिकामे घर ही तिन्ही एकत्र येतात. डब्यातली शेव, बिस्किटांचा पुडा, सकाळचा उरलेला भात, साखरेची वाटी, जे हाती लागेल ते संपते. मग रिकामा पुडा दप्तरात लपविला जातो. रात्री मूल म्हणते, ‘मला भूक नाही.’ घरचे समाधानाने मान डोलावतात, कारण त्यांना वाटते की पथ्य पाळले जात आहे. दुसऱ्या दिवशी तेच चक्र पुन्हा सुरू होते, आणि प्रत्येक फेऱ्यात शरम वाढत जाते. जेथे दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात तेथे एकांत नसतो. तेथे हे खाणे रात्री सगळे निजल्यावर, दिवा न लावता चालते, किंवा शाळेच्या वाटेवर वडापावच्या गाडीमागे उभे राहून उरकले जाते.

असे का घडते याची एक जुनी व अत्यंत बोलकी साक्ष उपलब्ध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण सद्‌सद्विवेकाच्या कारणाने युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे होते आणि स्वेच्छेने प्रयोगात सामील झाले होते. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे शोधणे हा त्यामागील हेतू होता. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले. परंतु शरीरापेक्षा मनात जो बदल झाला तो अधिक लक्षणीय होता. ते चिडखोर व उदास झाले. पाककृतींची पुस्तके वाचू लागले. झोपेत-जागेपणी त्यांना अन्नाखेरीज दुसरे काही सुचेनासे झाले. काहींच्या हातून नियम मोडून अनावर खाणे घडले, आणि त्यानंतर त्यांना आत्मग्लानीने ग्रासले. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावरही काहीजण प्रचंड प्रमाणात खात, तरी त्यांची भूक शमत नसे. ही सर्व मनाने सुदृढ, निश्चयी, तत्त्वासाठी समाजाचा रोष पत्करणारी माणसे होती. त्यांची जर अर्धपोटी राहून ही अवस्था झाली, तर आठवीतल्या मुलीने निश्चयाच्या बळावर भूक जिंकावी ही अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करतो?

पुढे त्याच विद्यापीठात डायान न्यूमार्क-स्टायनर यांनी १९९८-९९ मध्ये ४,७४६ शालेय विद्यार्थ्यांची पाहणी केली आणि त्यांतील अनेकांचा पुढेही मागोवा घेतला. पाच वर्षांनंतर असे दिसून आले की, आरंभी ज्यांनी वजन घटविण्यासाठी उपासतापास केले होते त्यांच्यात अनावर खाण्याचा आणि स्थूलतेचा धोका इतरांहून अधिक होता. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, ९ ते १४ वर्षांच्या हजारो मुलामुलींच्या एका स्वतंत्र अभ्यासातही, वजन घटविण्यासाठी आहार तोडणाऱ्या मुलांचे वजन तीन वर्षांत न तोडणाऱ्यांपेक्षा अधिक वाढल्याचे आढळले. म्हणजे ज्या उपायाने वजन उतरावे म्हणून आपण मुलाला बांधतो, तोच उपाय पुष्कळदा त्याला अनावर खाण्याकडे ढकलतो.

चेष्टेचा घाव

न्यूमार्क-स्टायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाहणीतील आणखी एक निष्कर्ष आम्हांस अधिक अस्वस्थ करतो. वजनावरून सोबत्यांकडून चेष्टा होते असे सुमारे ३० टक्के मुलींनी व २५ टक्के मुलग्यांनी सांगितले. घरातल्या माणसांकडून होते असे सांगणाऱ्या मुली सुमारे २९ टक्के व मुलगे १६ टक्के होते. ज्यांची अशी चेष्टा होत होती त्यांच्यात आत्मसन्मान कमी, खिन्नता अधिक, आणि आत्महत्येचे विचार व प्रयत्नही अधिक आढळले. घरी व बाहेर अशा दोन्ही ठिकाणी चेष्टा सोसणाऱ्यांची स्थिती सर्वांत वाईट होती. विशेष म्हणजे मुलाचे प्रत्यक्ष वजन किती, हे हिशेबात घेऊनही हा संबंध कायम राहिला. त्या मुलांच्या मनावरील घाव वजनाच्या काट्याने उलगडत नव्हता. त्याचा धागा बोलल्या गेलेल्या शब्दांपर्यंत जात होता.

ही पाहणी अमेरिकेतील आहे हे खरे. परंतु ‘ढोल्या’, ‘भोपळा’, ‘जाडी’, ‘हिच्याशी लग्न कोण करणार’ हे शब्द काही अमेरिकेतून आलेले नाहीत. ते आपल्या ओसरीवर, आपल्या वर्गात, आपल्या नातेवाइकांच्या तोंडी आहेत, आणि बहुधा ते प्रेमाने व हसत हसत उच्चारले जातात. मामाने भाच्याच्या पोटावर टिचकी मारावी आणि सर्वांनी हसावे, त्या हसण्यात भाचाही सामील होतो. तो हसला म्हणून त्याला लागले नाही असा निष्कर्ष आपण काढतो. जन्मावरून ठेवलेल्या नावांचा डंख कसा आत राहतो आणि वरवर हसून तो कसा झाकावा लागतो, हे ज्या समाजाला कोणी शिकविण्याची गरज नाही, त्याने निदान आपल्या मुलाच्या देहावरून ठेवलेल्या नावाकडे थोडे थांबून पाहावे, अशी आमची अपेक्षा आहे. दोन्ही अवहेलना एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु आपला देह हीच आपली लाज आहे असे मुलाला वाटू लागणे, ही गोष्ट दोहोंत समान आहे.

वजनाविषयी घरात बोलावे की नाही, याचे एक उपयुक्त उत्तर २०१३ च्या एका अभ्यासाने दिले आहे. ज्या पालकांचे बोलणे मुलाच्या वजनाभोवती फिरत होते त्यांच्या मुलांत आहार तोडणे व अनावर खाणे अधिक आढळले. ज्यांचे बोलणे केवळ चांगल्या आहाराविषयी होते त्यांच्या मुलांत ते तसे आढळले नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ साली असेच मार्गदर्शन केले. मुलाला उपासाच्या मार्गाला लावू नये, घरात वजनाची चर्चा व चेष्टा टाळावी, आणि कुटुंबाने एकत्र जेवावे, असे तिचे सांगणे आहे.

पसेनदीचे ताट

येथे सुज्ञ वाचकांना संयुत्तनिकायातील दोणपाक सुत्ताचे स्मरण झाले असेल. कोसलनरेश पसेनदी द्रोणभर भाताचे भोजन करून, धापा टाकीत, भगवंतांकडे आला. भगवंतांनी एक गाथा उच्चारली. स्मृती ठेवून जो भोजनाची मात्रा जाणतो त्याच्या वेदना सौम्य होतात, अशा आशयाची ती गाथा आहे. राजाच्या मागे उभ्या असलेल्या सुदस्सन नामक तरुणाला राजाने ती शिकून घेण्यास सांगितले, आणि भोजनाच्या वेळी तिचे स्मरण करून देण्याबद्दल रोज शंभर कहापण देऊ केले. राजाचे भोजन हळूहळू नाळीभर भातावर आले.

हे सुत्त पुष्कळदा स्थूल मुलांपुढे उपदेश म्हणून ठेवले जाते. आमच्या मते तसे करणाऱ्यांनी ते नीट वाचलेले नसते. पहिली गोष्ट, भगवंतांनी राजाच्या देहाचा उपहास केलेला नाही. दुसरी, भोजनसमयी स्मरण करून देणारा माणूस राजाने स्वतः नेमलेला आहे. तो राजावर लादलेला नाही. आईने न सांगता मोजलेली पोळी आणि मुलाने स्वतः ‘मला आठवण कर’ म्हणून मागितलेली मदत यांत हाच भेद आहे. तिसरी, भोजनाचे प्रमाण क्रमाक्रमाने उतरले. राजाला एका दिवसात नाळीवर आणलेले नाही. आणि चौथी सर्वांत महत्त्वाची. पसेनदी भरपूर खात होता, पण तो चोरून खात नव्हता. त्याचे खाणे सर्वांसमक्ष होते. त्यात आत्मघृणा नव्हती. म्हणजे ते अधिक खाणे होते, वर वर्णिलेले अनावर खाणे नव्हे. शरमेने पोखरलेल्या मुलीला हे सुत्त ऐकविले तर तिला त्यात मात्रेचा बोध होणार नाही. आपण धम्मातही दोषी आहोत, एवढेच तिला ऐकू येईल.

‘भोजने मत्तञ्ञुता’ या पदातील मात्रा ही दोन्ही बाजूंनी समजून घ्यावी लागते. कमी खाणे म्हणजे मात्रा नव्हे. बोधिसत्त्वांनी देह झिजविणाऱ्या तपाचा मार्ग स्वतः अनुभवून सोडून दिला, हे आपण दर वैशाख पौर्णिमेला सांगतो. मग आपल्याच घरातील मुलगी वजनापोटी तीन दिवस उपाशी राहिली तर तिच्या ‘निश्चयाचे’ कौतुक कसे करतो?

उपोसथाविषयीही एक शब्द सांगणे आवश्यक आहे. वर्षावासात किंवा पौर्णिमेला अष्टशील घेणारे उपासक-उपासिका मध्याह्नानंतर भोजन करीत नाहीत. प्रौढ, निरोगी व्यक्तीच्या दृष्टीने त्यात काही अडचण नाही. परंतु अनावर खाण्याचा त्रास असलेल्या कुमारवयीन मुलासाठी बारा वाजल्यानंतरचा तो उपवास म्हणजे वर सांगितलेल्या चक्राचा आरंभच ठरू शकतो, आणि त्याला धर्माचे आवरण मिळाल्यामुळे तो कोणाच्या लक्षातही येत नाही. विनयाने आजारी भिक्खूला मध्याह्नानंतरही तूप, लोणी, तेल, मध व काकवी ही पाच औषधे घेण्याची मुभा दिली आहे. ज्या परंपरेने आजाऱ्याचा इतका विचार केला तिच्या नावाने आजारी मुलाला उपाशी ठेवणे सयुक्तिक नाही. अशा मुलाने पंचशीलावर थांबावे, आणि विहारातील ज्येष्ठांनी त्याला तसे आपणहून सांगावे.

उपचाराची दिशा

या विकारावर उपचार आहेत आणि ते परिणामकारक आहेत. ब्रिटनमधील क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या बोधात्मक वर्तनोपचारातील आरंभीचे एक पाऊल ऐकून अनेक पालक चकित होतात, कारण ते पाऊल म्हणजे नियमित खाणे. सकाळची न्याहारी, दुपारचे व रात्रीचे जेवण, मधे दोन वेळा थोडे खाणे, आणि दोन खाण्यांत तीन-चार तासांहून अधिक अंतर न ठेवणे. भूक साचू दिली नाही की तिचा स्फोट होत नाही. यासाठी महागडे पदार्थ लागत नाहीत. भाकरी, डाळ, उसळ, भात, अंडे, मूठभर भाजलेले शेंगदाणे, एखादे केळे पुरेसे आहे. भाकरी-भाताला शत्रू ठरविण्याचे कारण नाही. आरंभीचेच आणखी एक पाऊल म्हणजे मुलाने स्वतः, स्वतःपुरते, एका वहीत लिहून ठेवणे. केव्हा खाल्ले, त्याआधी काय घडले, मनात काय होते. ही वही आईवडिलांनी तपासावयाची नसते. काही आठवड्यांत मुलालाच दिसू लागते की, मंगळवारी कवायतीच्या तासानंतर किंवा बाबा पिऊन आले त्या रात्री ते घडते. मग त्या वेळेसाठी दुसरे काही योजता येते. नातेसंबंधांतील ताणांवर भर देणारी दुसरी एक उपचारपद्धतीही कुमारवयीनांसाठी वापरली जाते.

घरच्यांनी करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या सर्वांसाठी सारख्या असाव्यात. पथ्य एकट्या मुलाला आणि फरसाण बाकीच्यांना, ही विभागणी अन्यायाची होय. दिवसातून एक जेवण शक्यतो सर्वांनी मिळून, दूरदर्शन संच व मोबाइल बाजूला ठेवून करावे. कपाटाला कुलूप लावू नये, कारण कुलपाने चोरी शिकविली जाते. रिकामा पुडा सापडला तर तो सर्वांसमोर दाखवू नये. मुलाने खेळावे, चालावे, नाचावे, पण ते वजनाची शिक्षा म्हणून नव्हे. शाळेत वर्गासमोर वजन करून मोठ्याने सांगण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. ती बंद करण्याची मागणी पालकांनी करावी. विहारातील भोजनदानाच्या पंगतीत स्थूल मुलाच्या पानात वाढताना ‘याला जरा जास्त लागते हं’ असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्याला बाजूला घेऊन समजावून सांगण्याचे काम तर आपल्यापैकी कोणीही करू शकतो.

वजन उतरविणाऱ्या नव्या औषधांविषयी अनेक पालक विचारतात. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनाला अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरात १२ वर्षांवरील स्थूल मुलांसाठी मान्यता मिळाली. त्याचा निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांनीच करावयाचा असतो. आम्ही एवढेच म्हणू की, मूल चोरून का खाते हे कोणी विचारलेच नसेल तर इंजेक्शनाने तो प्रश्न सुटणार नाही.

मूल ओकाऱ्या काढीत असेल, जुलाबाच्या गोळ्या घेत असेल, दिवसेंदिवस उपाशी राहत असेल, चक्कर येऊन पडत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत वा स्वतःला इजा करीत असेल तर विलंब न लावता डॉक्टरांकडे गेले पाहिजे. एरवीही लाज बाळगण्याचे कारण नाही. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत कुमारवयीनांसाठी समुपदेशनाची सोय आहे. महाराष्ट्रात ती मैत्री क्लिनिक या नावाने ओळखली जाते. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य व मराठीतून बोलता येते. डॉक्टरांकडे गेल्यावर आईने बाहेर बसण्याची तयारी ठेवावी आणि मुलाला थोडा वेळ एकटे बोलू द्यावे. ‘डॉक्टर, हिला जरा सांगा’ या वाक्याने भेटीचा आरंभ केला तर ती भेट वाया गेलीच म्हणून समजावे. आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत वजन उतरले नाही म्हणून उपचार सोडू नये. या काळात पाहावयाचे असते ते निराळेच. आठवड्यात चार वेळा घडणारी गोष्ट दोनवर आली का, शाळेचा डबा स्वतः खाऊन रिकामा परत येऊ लागला का, आणि रात्रीच्या जेवणाला मूल पुन्हा सर्वांसोबत बसू लागले का.